शेळीनं सोललेला आंबा

बहात्तरच्या दुष्काळात माझ्या सासूबाईंनी, बनुबाईंनी, दारचा एक आंबा तेवढा जगवला होता. भांडी विसळलेलं पाणीसुद्धा त्याच्याच बुडाशी जायचं. त्यांच्या आईनं शेवटच्या भेटीत ओटीत घातलेल्या कोयीचं ते झाड. आणि मी, शास्त्र घेऊन मॅट्रिक झालेली हुशार सून, त्याच आंब्याला भुकेली शेळी बांधून दुपारची झोपले!

उठून बघते तर बुंध्याची हातभर साल सगळीकडून सोललेली. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, दुष्काळी कामावर खडी फोडायला गेल्या होत्या. मी घाईघाईनं शेणमातीचा लेप दिला आणि गप्प बसले. पानं हिरवीगार होती, वाटलं, निभावलं.

आठव्या दिवशी भाकरी थापताना शाळेतलं आठवलं. पाणी लाकडातून वर चढतं, म्हणून पानं टवटवीत दिसतात. पण पानांनी तयार केलेलं अन्न सालीतून खाली उतरतं. ती वाटच तुटली होती. मुळं उपाशी मरत होती आणि मी पानं बघून खूश होते.

शेजारचे कारभारी श्रीरामपूरकडच्या मोसंबीच्या बागांत कलमं बांधत. मी त्यांना गाठलं.

"जखमंवर पूल बांधू," ते म्हणाले. "पन काड्या ह्याच झाडाच्या लागत्याल. सासूला इचार."

आता सुटका नव्हती. "आत्याबाई, शेळी मीच बांधली होती. लेपही मीच लावला."

"माज्या आयचं झाड हाय ते," एवढंच त्या म्हणाल्या. मग विळा घेऊन स्वतःच चार कोवळ्या काड्या कापल्या.

कारभाऱ्यांनी काड्यांची टोकं तासली, एक जखमेखालच्या सालीत, दुसरं वरच्या सालीत खोचलं आणि सुतळीनं आवळलं. "साल आन् लाकूड यांच्या मधी वला पापुद्रा आसतो. झाड जाड हुतं ते तितनंच. पापुद्र्याला पापुद्रा भिडला तर सांधंल."

त्या दिवसापासून शेळीचं दावं आत्याबाईंच्या उशाशी गेलं. माझ्याशी बोलणं कामापुरतं. मला रडू यायचं, रागही यायचा. पण चूक माझी, राग काढणार कुणावर?

दोन महिन्यांनी एक काडी वाळून गळली. उरलेल्या तीन सांधून चांगल्या बोटाएवढ्या जाड झाल्या होत्या. आत्याबाईंनी एकेक चाचपली. मग घरात जाऊन दावं आणलं आणि माझ्या हातात दिलं.

"शेळी तूच बांध," त्या म्हणाल्या. "लांब बांध."