सरावखोलीतली खाट

पहिल्या खेपेला मावशी नापास झाल्या त्या बुटांपायी.

सरावखोलीतल्या खाटेवर प्रशिक्षक सर स्वतःच रोगी होऊन आडवे झाले होते. वय तिशीच्या आतलं, गालांवर तकाकी, आणि पायांत चक्क बूट. भिंतीवर तक्ता टांगलेला: रुग्णाचं अंग पुसणे, मुद्दे दहा. आपली ओळख सांगा, हात धुवा, परवानगी घ्या, असं एकाखाली एक. मावशींनी एक नजर तक्त्यावर टाकली, एक बुटांवर, आणि त्यांच्या डोक्यात तिडीकच गेली.

"आधी ते बूट काढा! धुतलेली चादर आहे ती."

भिंतीला टेकून बसलेल्या दोन नव्या मुली फिसकन हसल्या. सरांनी डोळे मिटलेलेच ठेवले, उशाशी ठेवलेला कागद चाचपडत ओढला आणि गुण लिहिले. दहापैकी दोन.

हे खूळ रुग्णालयात यंदाच आलं होतं. कामाला लागून एकोणीस दिवस झालेले असोत की मावशींसारखी एकोणीस वर्षं, रोग्यांची सेवा करणाऱ्या प्रत्येकीने ती आता करून दाखवायची, तीही धडधाकट माणसावर. एकाने रोगी व्हायचं, एकीने मावशी व्हायचं, सरांनी गुण द्यायचे. तीन संधी. तिन्ही गेल्या की वॉर्डातून नाव कमी आणि रवानगी तळघरात, कपडे धुण्याच्या विभागात. "पगाराला धक्का लागणार नाही हं," असं मोठ्या सिस्टरांनी दोनदा सांगितलं. जसं काही मावशी पगारासाठीच रडत होत्या!

मावशींना वॉर्ड हवा होता. सकाळी बायकांच्या वॉर्डाचं दार ढकललं की बावीस खाटांवरून माना वळायच्या, ते हवं होतं. कुणाची पाठ सोलवटायला लागली आहे, कोण जेवण उशीखाली लपवतंय, कोण दुपारपर्यंत रडणार आहे, हे त्यांना तक्त्याशिवाय कळायचं. तळघरात माणसांचे कपडे येतात, माणसं येत नाहीत. आजवर जे हातांनी केलं ते एकदम तोंडाने करून दाखवायचं, आणि ते न जमल्यामुळे वॉर्डच घालवायचा, या विचारानेच त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

घरी लेकीने शिकवणी घेतली. ती दिवाणावर आडवी पडून कण्हू लागली.

"मी आजारी आहे असं समज. आता म्हण, नमस्कार, मी अमुक."

"तुला मी नऊ महिने पोटात वागवलंय. तुला काय ओळख सांगू?"

"आई, तू फक्त म्हण ना!"

मावशींनी म्हटलं. मग सवयीने लेकीची मान वळवली, कानामागे पाहिलं आणि हात धरून तिला सरळ मोरीत नेलं, कारण कानामागे मळ होता. लेक ओरडत राहिली की परवानगी घेतली नाहीस, मुद्दा तीन गेला. शेवटी दोघींनी हात टेकले.

दुसऱ्या खेपेला मावशी सगळे मुद्दे घोकून गेल्या. ओळख सांगितली, अगदी शाळेतल्या कवितेसारखी. मग सर म्हणाले, "आता हात धुतल्याचा अभिनय करा."

"धुतल्याचा म्हणजे?"

"म्हणजे असे हात चोळायचे. पाणी आहे असं धरून चालायचं."

मावशींना हे काही केल्या पटेना. न धुता हात धुतले म्हणायची सवय लागली तर उद्या वॉर्डात काय होईल? त्या तडक बाहेर गेल्या. वऱ्हांड्याच्या टोकाला नळ होता. तिथे कोपरापर्यंत साबण लावून, नखं घासून, हात वर धरून त्या परतल्या तेव्हा सर घड्याळाकडे बोट दाखवत उठून बसले होते. चार मिनिटांची वेळ संपली होती. अंगाला हात न लावताच मावशी नापास झाल्या. हात मात्र त्या दिवशी त्या खोलीत फक्त त्यांचेच स्वच्छ होते.

सर मनाने वाईट नव्हते, हीच तर अडचण होती. वाईट असते तर मावशी दोन शब्द सुनावून मोकळ्या झाल्या असत्या. तिसऱ्या खेपेआधी त्यांनी मावशींना मुद्दाम बोलावलं.

"मावशी, आज परीक्षा नाही. आपण जागा बदलू. तुम्ही रुग्ण व्हा, मी मावशी होतो. म्हणजे मी काय बघतो ते तुम्हाला कळेल."

मावशी चपला काढून खाटेवर आडव्या झाल्या. भिंतीजवळ त्या दोन नव्या मुली आजही हसत बसल्या होत्या. सरांनी हवेत हात चोळले. "नमस्कार आजी, मी तुमची सेवा करणार आहे. चादर काढू का?"

मावशींना काय झालं कोण जाणे. त्यांना वॉर्डातल्या नऊ नंबरच्या खाटेवरची आजी आठवली, जन्मभर टंकलेखन केलेली, बोटं अजून गादीवर टकटक करणारी. त्यांनी चादर दोन्ही मुठींत घट्ट धरली.

"नको."

"मला तुमची भावना समजते आजी."

"काय समजते?"

सरांनी तक्त्याकडे पाहिलं. तिथे याचं उत्तर नव्हतं. त्यांनी पुन्हा परवानगी मागितली, पुन्हा भावना समजून घेतली. मावशींनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "बाळा, खाली ओलं झालंय रे. त्या पोरींना बाहेर पाठव."

भिंतीजवळच्या मुली हसायच्या थांबल्या. सरांचा चेहरा लालबुंद झाला, आणि त्यांनी मुलींना खरोखर बाहेर पाठवलं.

"मग... मी आता काय करायचं?"

"काही बोलू नकोस. पाठ कर माझ्याकडे. सुकी चादर तेवढी हातात दे, मी आतून सरकवते. आणि दुसरंच काहीतरी बोल. पावसाचं, भावाबहिणींचं, काहीही."

सर पाठ करून उभे राहिले आणि अडखळत आपल्या बहिणीबद्दल बोलू लागले.

दोन दिवसांनी मोठ्या सिस्टरांनी बोलावलं. "मावशी, अभिनंदन! तुम्हाला तिसरी परीक्षा द्यायची गरज नाही."

मावशींच्या डोळ्यांत पाणीच आलं. "म्हणजे मी पास?"

"त्याहून चांगलं. तुमच्यासारखा रोगी कुणालाच वठवता येत नाही, असं सरांनी लिहून दिलंय. सोमवारपासून तुम्ही कायमच्या सरावखोलीत."

मावशींनी नकार दिला, हातापाया पडल्या, तळघर चालेल म्हणाल्या, निदान तिथून अधूनमधून जिन्याने वर वॉर्डात तरी जाता येईल. पण हुकूम निघाला होता. ज्या बाईने वॉर्डातलं प्रत्येक दुखणं ओळखलं ती आता दिवसभर खाटेवर निजून खोटी दुखणी सांगणार होती. आज गुडघा, उद्या दमा, परवा हट्टीपणा.

चौथ्या दिवशी वर्ग भरलेला असताना वॉर्डातली मुलगी दारात आली. नऊ नंबरची आजी तीन दिवस अंग पुसू देत नव्हती, चादर सोडत नव्हती, सारखी मावशी कुठे म्हणून विचारत होती. परीक्षेत दहापैकी दहा मिळवलेली मुलगी दोनदा जाऊन रडत परत आली होती.

मावशी ताडकन उठून बसल्या. "सर, दहा मिनिटं. जाते आणि आलेच."

"सराव संपल्यावर बघू मावशी. इतक्या जणी खोळंबल्यात."

"त्या बाईची पाठ सडेल तोवर! मला काही झालेलं नाही, मी धडधाकट आहे. उठू द्या मला, माझी माणसं वर आहेत!"

आवाज इतका चढला की दारातली मुलगी मागे सरली. सरांनी हळूच वर्गाकडे वळून बोट वर केलं. त्यांचे डोळे चमकत होते.

"बघा. रुग्ण घरी जाण्याचा हट्ट धरतो, मी आजारी नाहीच म्हणतो. अशा वेळी काय करायचं? कोण येतंय?"

पुढच्या रांगेतली एक मुलगी उठली. तिने आपली ओळख सांगितली, परवानगी घेतली, मावशींच्या खांद्यावर फार हळुवार हात ठेवला आणि त्यांना पुन्हा उशीवर टेकवलं.

"पडा बरं आजी. डॉक्टर आले की विचारू हं आपण."

सरांनी तिला पैकीच्या पैकी गुण दिले.