दुरुस्तीला टाकलेले पैसे

तो दिवस नेहमीसारखाच उजाडला. बाबा जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून शिलाई मशीनचे सुटे भाग पुसत बसले होते आणि ताटं ठेवायला जागा उरली नाही म्हणून आई त्यांच्या नावाने खडे फोडत होती.

"काय शेठाणी, दुरुस्ती कुठवर आली?" मुलगी आवरून बाहेर आली तसे त्यांनी विचारले.

मुलगी शेअर दलालाच्या कचेरीत फोनवर बसायची. बाजार गडगडला की घाबरलेल्या गुंतवणूकदारांना धीर द्यायचा, हे तिचे काम. महिन्यापूर्वी घसरण सुरू झाली तेव्हा बाबांनी विचारले होते, टीव्हीवर करेक्शन करेक्शन म्हणतात ते काय असतं गं? ती घाईत म्हणाली, "दुरुस्ती म्हणा ना." झाले. चाळीस वर्षे मशिने दुरुस्त करणाऱ्या माणसाला तेवढे पुरले. दुरुस्तीला टाकलेली वस्तू आधी खिळखिळी दिसते आणि मग धडधाकट होऊन घरी येते, हे त्यांना कुणी शिकवायला नको होते.

"मशीन अजून उघडंच आहे," ती म्हणाली.

"डॉक्टर काय म्हणाले विसरलात?" आई कडाडली. "हृदयाची झडप याच महिन्यात बदला म्हणाले. मिळेल त्या भावात फुंकून टाका ते शेअर आणि ऑपरेशन करून घ्या."

"उघडलेलं मशीन कुणी भंगारात घालतं का? भाव वर येऊ दे, माझी झडप बदलतो आणि तुला दातही नवे बसवून देतो."

"माझे दात शाबूत आहेत. तुम्ही अक्कल बसवून घ्या."

बाबा खदखदून हसले. मग दम लागला म्हणून थांबले आणि मुलीकडे वळले. "तू सांग. थांबू ना?"

तिने स्वतःचे शेअर आठ दिवसांपूर्वीच विकले होते. कचेरीच्या जिन्यात उभे राहून, एकूण एक. पण पाच वर्षांपूर्वी बाबांना या वाटेला तिनेच लावले होते, आणि दुकानात येईल त्याला ते ऐकवायचे, "आमच्या पोरीला बाजारातलं कळतं." तिच्या तोंडून कचेरीतले पाठ वाक्य निघाले.

"बाजार सावरतो, बाबा. थोडा धीर धरा."

"ऐकलंस?" ते आईला म्हणाले.

दुपारी ते दुकानातच गेले, स्टुलावर बसल्या बसल्या. शेजारच्या चावीवाल्याला वाटले, डुलकी लागली असेल.

पंधरा दिवसांनी ती कामावर गेली. बाजार अजून खालीच चालला होता. पहिला फोन एका निवृत्त मास्तरांचा. "ताई, खरं काय ते सांगा हो," ते म्हणाले. तिने खरे सांगायला तोंड उघडले आणि तेच वाक्य आपसूक बाहेर पडले. मास्तरांनी मनापासून आभार मानले. ती उठून स्वच्छतागृहात गेली, नळ सोडला आणि उभी राहिली. रडू येईना. पुढच्या फोनला बोलावणे येईपर्यंत पाणी नुसते वाहत राहिले.

रविवारी आईने टेबलावर कागद आणून ठेवले. शेअर आता तिच्या नावावर झाले होते. दुकान बंद झाल्यावर तिच्यापाशी दुसरे काही उरलेच नव्हते, आणि त्यातलेही निम्मे आताच विरघळले होते.

"भाऊजी म्हणतात विका," आई म्हणाली. "मी सांगितलं, विकायची नाही. हे थांबले ते काय उगीच? तुझ्या शब्दावर थांबले. मग मीही थांबते. मला बाईला त्यातलं काय कळतं?" तिने कागदांच्या कडा जुळवल्या, पुन्हा जुळवल्या. "सावरेल ना गं?"

मुलीने ते वाक्य ओठांपर्यंत आलेले ओळखले आणि गिळले.

"आई, मला माहीत नाही. तेव्हाही नव्हतं." तिचा आवाज तिलाच परका वाटला. "बाबांना थांबा म्हणाले ना, तेव्हा माझ्याकडे एकही शेअर नव्हता. मी माझे आठ दिवस आधीच विकले होते."