एका वेळी एकानेच आत यावे

मी एक जुनं श्वासयंत्र आहे. हो, तेच ते, ज्याच्याजवळ आलं की मोठी माणसंही आवाज खाली आणतात. सध्या माझा मुक्काम रुग्णालयाच्या अडगळीच्या खोलीत, एक चाक निखळलेल्या स्ट्रेचरशेजारी. ते बिचारं काही बोलत नाही. म्हणून म्हटलं, मित्रांनो, तुमच्याशीच बोलावं.

कारखान्यातून नवाकोरा आलो तेव्हा काय रुबाब होता माझा! अतिदक्षता विभागात खिडकीजवळच्या खाटेशी मला उभं केलं. ज्यांना श्वास घेववत नाही त्यांच्या छातीत नळीने हवा भरायची, हे माझं काम. एकदा न्यूमोनियाने काळीनिळी पडलेली शाळकरी मुलगी नवव्या दिवशी स्वतः श्वास घेऊ लागली, तेव्हा तिच्या वडिलांनी माझ्यावर डोकं टेकवलं. तेव्हापासून मी जरा शेफारलोच. आपण चालू आहोत म्हणजे सगळं उत्तम, असं मला वाटायचं.

तरी एक खंत होतीच. लोक येत, माझ्या पडद्यावरचे आकडे बघत आणि जात. माझ्याशी कोणी बोलत नसे.

मग बाइंडरबाबा आले. जन्मभर पुस्तकं बांधलेली, बोटांच्या पेरांत खळ मुरलेली. मेंदूत मोठा रक्तस्राव झाला होता. आठवडाभराने दोन डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा तपासून सांगितलं, हे आता जागे होणार नाहीत. मी आपला हवा भरतच होतो.

आमच्या दारावर पाटी होती, ‘एका वेळी एकानेच आत यावे’. भेटीची वेळ संध्याकाळी पाच ते साडेपाच. आधी बाबांची मुलगी यायची, मग तिच्याकडून पास घेऊन धाकटा मुलगा. डॉक्टरीणबाई दोघांनाही विचारायच्या, “यंत्र चालू ठेवायचं की थांबवायचं? बाबा स्वतः कधी काही बोलले होते का?”

मुलगी म्हणायची, “मला नाही ठाऊक. भाऊ म्हणेल तसं करा.”

मुलगा म्हणायचा, “ताईला विचारा. आमच्या घरात तिचाच शब्द चालतो.”

टोलवाटोलवी म्हणजे किती! असे आणखी सतरा दिवस गेले. बाबांच्या पाठीला जखमा झाल्या. मी मनातून चिडायचो. पण डॉक्टरीणबाई गेल्या की मुलगी बाबांच्या कानाशी वाकायची. “माफ करा हो बाबा, माझ्या तोंडून नाही निघत.” मुलगा नुसता त्यांची पावलं चोळत रडायचा. दोघांचंही हे दुःख पाहणारा मी एकटा, आणि मला कुठे तोंड आहे? असा एकटेपणा वैऱ्यालाही येऊ नये.

शेवटी जखमा धुणाऱ्या सिस्टरचा संयम सुटला. तिने दोघांनाही आत ओढलं. “नियम गेला खड्ड्यात! यांची पाठ रोज मी बघते, तुम्ही नाही. काय ते इथे, यांच्यासमोर बोला.”

मग मुलगी म्हणाली, “मला बोलले होते रे. परत उठण्यासारखा नसेन तर नळ्या लावून ठेवू नका म्हणाले. मी ओरडले त्यांच्यावर, अभद्र बोलू नका म्हणून.”

मुलगा म्हणाला, “ताई, मलाही बोलले होते. मी फोनच ठेवून दिला. मी तोंड उघडलं असतं तर तू म्हणाली असतीस, बाबांना यानेच मारलं.”

“अरे, आणि मला वाटत होतं, तू तसं म्हणशील.”

सिस्टरने डॉक्टरीणबाईंना बोलावून घेतलं. त्या म्हणाल्या, “मुद्दाम जीव घेणं वेगळं, आणि उपयोग नसलेलं, त्यांना नको असलेलं थांबवणं वेगळं. यावर आम्हा डॉक्टरांतही वाद होतात. पण बाबांचं म्हणणं आता आपल्याला कळलंय. त्यांना त्रास होऊ नये म्हणून औषध मी देईन.”

कागदपत्रं झाली, सह्या झाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मला बंद केलं. खरं सांगतो, मी घाबरलो होतो. जीव वाचवणारा मी, आज माझ्यावर ठपका येणार असं वाटलं. बाबा स्वतःच्या बळावर चौदा मिनिटं श्वास घेत राहिले. एक हात ताईने धरला, दुसरा भावाने. माझ्या पडद्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं, आणि तरी मनात म्हटलं, बरं झालं.

पुढे नवी यंत्रं आली आणि मला इथे ढकललं. मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण घरातलं कोणी आपल्या शेवटाविषयी बोलू लागलं, तर उठून जाऊ नका. जवळ बसा, भावंडांनाही हाक मारा. बाबा आपल्या दोन्ही मुलांशी बोलले होते. दोघांनीही ऐकलं होतं. आणि तरी इतके दिवस त्या खोलीत त्यांच्या बाजूने बोलायला एक माणूस नव्हता.