घोट्यावरची सुरकुती

शहाऐंशी साली खळ्यावर भाताचा भारा नेताना माझा पाय खेकड्याच्या बिळात गेला नि घोट्यात कडकन वाजलं. चौघांनी खाटेवर घालून बदलापूर गावातल्या घरी आणलं. मी तिथंच बजावलं, "आज उचललंत तेवढं बस. पुन्हा हा उंबरा मी माझ्याच पायानं ओलांडणार."

आमच्या यांनी आंबेहळद उगाळली, चुलीवर कढत केली नि घोट्यावर थापून वरनं फडकं आवळलं. जन्मात चुलीपाशी न बसलेला माणूस! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण ओरडले नाही.

सकाळी जयदेव, माझा मुलगा, कारखान्यात सुट्टी टाकून आम्हा दोघांना नि सुनेला घेऊन उल्हासनगरला हाडाच्या दवाखान्यात आला. डॉक्टर सिंधी, पोरसवदा. त्यानं फडकं सोडलं तर घोटा भोपळ्यासारखा नि त्यावर टपोरे फोड.

"ये गरम लेप किसने लगाया, अम्मा?"

यांनी मान खाली घातली. मी म्हटलं, "मीच. तुला काय करायचंय?"

एक्स-रेचा फोटो काढून तो म्हणाला, हाड दोन्हीकडून मोडलंय, सांधा सरकलाय. आत स्टीलची पट्टी नि स्क्रू घालून बसवायला हवा. पण असल्या फुगल्या कातडीवर सुरी चालवली तर जखम मिटत नाही, पाय सडतो. सूज उतरून कातडीला सुरकुती पडेल तेव्हाच ऑपरेशन.

"सुरकुती? तोंडावर ढीगभर आहेत. घे त्यातली एक."

तो हसला.

मला तिथंच खाटेवर ठेवून घेतलं. रोज सकाळी तो यायचा नि घोट्याची कातडी चिमटीत धरायचा. गुळगुळीत! पाय उशांवर, मी उताणी. ज्या सुनेला मी कधी वर तोंड करून बोलू दिलं नाही, ती चिमी लघवीचं भांडं लावायची नि मी भिंतीकडे बघायची. हे बाकड्यावर बसून डॉक्टरच्या बोटांवर नजर लावायचे. एक फोड सुकला, तर शेजारची कातडी काळी पडली.

डॉक्टरचं हसणं आटलं. "हाड थांबत नाय, अम्मा. वाकडं तसंच जुळायला लागलंय."

"मग काप की! पाय माझा आहे."

"चमडी नहीं मानती."

मी त्या पोरापुढं हात जोडले. तो तरी काय करणार? जमेल तेवढं हातानं बसवून त्यानं प्लास्टर घातलं. उंबऱ्यातनं मला चौघांनी आत नेलं. एकालाही शिवी हासडली नाही.

प्लास्टर कापलं त्या दिवशी पाऊल बाहेरच्या अंगाला वळलेलं. उभी राहिले तर टाच टेकेना. डॉक्टरनं नवा फोटो उजेडात धरला. "हाड वाकडंच जुळलं, अम्मा."

हे खाली वाकले. इतके दिवस बघून शिकले होते. डॉक्टरसारखीच चिमटीत कातडी धरली, नि बारीक बारीक सुरकुत्या उठल्या.

"आली गं!" हे लहान पोरासारखे ओरडले. "डॉक्टर, सुरकुती आली! आता करा ऑपरेशन!"

डॉक्टरनं फोटो खाली ठेवला नि माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "हो. आली."