थांबवून ठेवलेली हरणं

मी एक जुना कॉम्प्युटर आहे. किती जुना ते विचारू नका. मित्रांनो, हल्लीची मुलं मला पाहून "हा डबा अजून चालतो?" असं तोंडावर विचारतात. चालतो, बाबांनो, चालतो! मध्ये एकदाच बंद पडलो होतो. पण नेमका नको तेव्हा पडलो आणि ते दुःख माझ्या मनातून अजून जात नाही.

माझी पहिली नोकरी एका कचेरीत होती. दिवसभर तीच ती पत्रं, तेच ते तक्ते. मग तिथं नवी सडपातळ मशीनं आली आणि माझी रवानगी जिन्याखाली, मोडक्या खुर्च्यांच्या शेजारी झाली. एक दिवस खिडक्यांची मापं घ्यायला एक पडदे शिवणारी बाई आली. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल. टेप गुंडाळता गुंडाळता तिची नजर माझ्यावर पडली.

"हा कुणाला नको असेल तर मी नेऊ?" तिनं विचारलं.

"न्या की. जागा तरी मोकळी होईल," शिपाई म्हणाला. इतक्या वर्षांच्या चाकरीनंतर हा माझा निरोप समारंभ!

तिच्या घरी तिघं माणसं होती. ती, तिचा नवरा आणि कॉलेजात जाणारी मुलगी. नवऱ्याचं केस कापायचं दुकान घराच्या खालीच होतं. मला शिलाई मशीनशेजारी जागा मिळाली. ते खटखटायचं, मी घरघरायचो, आमचं छान जमलं. मुलीनं माझ्यात प्राणिसंग्रहालय बांधायचा एक खेळ घातला. घातला तिनं स्वतःसाठी, पण नाद लागला आईला.

त्या खेळात प्राण्यांसाठी आवार बांधायचं असतं. कुंपण घालायचं, जमीन निवडायची, पाणी ठेवायचं. प्राणी सुखात असले की त्यांच्या डोक्यावर हिरवा हसरा चेहरा उमटतो, नाहीतर लाल रुसका. आईला त्यातली वाळवंटातली हरणं फार आवडली. पांढरीशुभ्र, पिळदार शिंगांची. तिनं त्यांच्यासाठी हिरवळ लावली, झाडं लावली, मोठं तळं केलं. हरणांचे चेहरे लालेलाल!

"एवढं केलं तरी यांची तोंडं वाकडीच!" ती वैतागली.

"अगं, वाळवंटातली आहेत ती. तुझ्या बागेत जीव नको झाला असेल बिचाऱ्यांना," नवरा म्हणाला.

तिनं हरणं परत पाठवली आणि सगळं उपटून टाकलं. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. नुसती वाळू पसरली. एका बाजूला हलका चढ दिला, शिंगं घासायला चार दगड ठेवले, खुरटी झुडपं दूरदूर लावली. राहिलं सावलीचं छप्पर. ते तिनं लगेच लावलं नाही. "खिडकीला पडदा लावायचा तर आधी ऊन कुठून येतं ते बघावं लागतं," असं म्हणून तिनं खेळातला सूर्य उगवताना, चढताना, मावळताना पाहिला. मग छप्पर अशा जागी ठेवलं, की भर दुपारी सावली बरोबर पाण्यावर पडावी.

"आता हरणांनाही पडदे का?" नवऱ्यानं चिडवलं.

"हो. आणि तुम्ही त्यांचे केस कापा," ती म्हणाली. मुलगी हसून हसून खाली बसली.

त्या दिवशी तिनं काम सेव्ह केलं, म्हणजे माझ्याकडे कायमचं जपायला दिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हरणांची जोडी आणली. खेळातले दिवस भराभर सरतात. नर कुंपणाच्या कडेनं एक फेरी मारून सावलीत जाऊन उभा राहिला. मादीनं पाण्याला तोंड लावलं. दोघांचे चेहरे हिरवेगार झाले आणि थोड्याच वेळात त्यांना पाडस झालं! आईनं खिडकीतून खाली हाक मारली, "अहो, लवकर वर या! पाडस झालं!" गिऱ्हाइकाच्या अर्ध्या तोंडाला फेस तसाच ठेवून नवरा धावत वर आला. मुलगीही आली. तिघं माझ्यासमोर दाटीवाटीनं उभी राहिली. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा मान.

पोटात दुखतंय असं ती बरेच दिवस म्हणत होती. त्याच संध्याकाळी तिला कळ आली आणि उभंच राहवेना. दवाखान्यात जायचं ठरलं. जाता जाता तिनं खेळ फक्त थांबवला. सेव्ह करायचं राहिलं. इतकं दुखत असताना कुणाच्या लक्षात राहील? "पॉज करून ठेवते. मी आल्यावर पाडसाचं नाव ठेवू," असं ती मुलीला म्हणाली. मग माझ्यावर हलकेच थाप मारून म्हणाली, "म्हाताऱ्या, सांभाळ हं यांना."

ती परत आली नाही.

मित्रांनो, माझी अवस्था काय झाली ते समजून घ्या. त्या जुन्या खेळात आपोआप काही सेव्ह होत नसे. हरणं आणि पाडस नुसती माझ्या डोक्यात होती. मी चालू आहे तोवर ती आहेत, मी बंद पडलो की गेली. पाडसाचा एक पाय उचललेला होता, तो तसाच राहिला होता.

मुलीला हे सगळं ठाऊक होतं. ती म्हणाली, "बाबा, मी फक्त सेव्ह करते. मग काळजी नाही."

"नको. तिनं ठेवलंय तसं राहू दे. चुकून काही दाबलं गेलं तर?"

"नाही हो चुकणार माझ्याकडून."

"तिचं तरी कुठं काही चुकलं होतं?" बाबा म्हणाले.

हात लावणार नाही असा शब्द त्यांनी तिच्याकडून घेतला. एकदा ते खाली दुकानात असताना ती माझ्यासमोर येऊन बसली. बराच वेळ माउसवर हात ठेवून बसली. मी मनातल्या मनात ओरडत होतो, "दाब ग बाई, दाब!" पण तिनं शब्द मोडला नाही. हात काढून घेतला आणि तोंड धुवायला गेली.

बाबांनी मला जपण्यात काही कसर ठेवली नाही. वीज गेली तरी मी चालू राहावं म्हणून घरच्या इन्व्हर्टरला नवी बॅटरी आणली. रोज सकाळी एका बोटानं माउस जरासा हलवून ते माझा पडदा जागा करत. पाडस दिसलं की "आहे" असं म्हणत आणि दुकान उघडायला जात. एरवी गिऱ्हाइकाशी अखंड बोलणारा हा माणूस घरात दिवसभरात तेवढाच एक शब्द बोलायचा.

मग उन्हाळा आला. रस्त्यावरची धूळ माझ्यावर बसायला लागली. बाबांना ते बघवेना. त्यांनी तिच्या कपाटातून पडद्याच्या जाड कापडाचा एक तुकडा काढला आणि माझ्या अंगावर घातला. चारी बाजूंनी नीट खोचला. अहो, नाक दाबलंत की हो माझं! मला वारा लागतो तो मागच्या जाळीतून, आणि तीच झाकली गेली. मुलगी संध्याकाळी कापड मागे सारायची, सकाळी बाबा पुन्हा नीट खोचायचे. मी जीव खाऊन पंखा फिरवत होतो. त्याची घरघर ऐकून बाबा खूश व्हायचे. "बघ, कसा जोरात चाललाय," ते मुलीला म्हणाले.

मी पुष्कळ सोसलं. पण आम्हा मशीनांना एक खोड आहे. आतून फार तापलं, की आम्ही आपोआप बंद होतो. मला कुणी विचारलंच नाही. एका दुपारी सगळं काळं झालं. तिनं सांभाळायला दिलेलं पाडस माझ्या हातून गेलं.

दुरुस्तीवाल्यानं मला उघडलं, नवा पंखा बसवला आणि विचारलं, "गुदमरला होता हा. वर काही टाकलं होतं का?"

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, पण त्याआधी मुलगीच म्हणाली, "मी टाकलं होतं. मला माहीत नव्हतं." बाबांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं.

घरी आल्यावर तिनं खेळ उघडला. वाळू होती, दगड होते, छप्पर होतं. सावली बरोबर पाण्यावर पडली होती. बाकी सगळं आवार रिकामं.

"हरणं कुठं गेली?" बाबांनी विचारलं.

"अजून आलीच नाहीयेत, बाबा. हे आईनं आदल्या दिवशी सेव्ह केलेलं आहे."

"आदल्या दिवशीचं?" ते खुर्ची ओढून माझ्या अगदी जवळ आले. "म्हणजे यात तिला अजून काहीच झालेलं नाही."

मुलगी "नाही" म्हणाली आणि हुंदके देऊन रडायला लागली. आई गेल्यापासून त्या घरात ती पहिल्यांदा मोठ्यानं रडली. बाबांनी तिला जवळ घेतलं. त्यांनाही रडू आवरलं नाही. मी मात्र नव्या पंख्यानं गुपचूप चालत राहिलो. मला कुठं रडता येतं!

आता बाबा दुकानातल्या मऊ ब्रशनं माझी जाळी साफ करतात. मुलीनं त्या वाळवंटाच्या दोन प्रती करून ठेवल्या आहेत. नवी हरणं आणू या का, असं ती विचारते. "तेच पाडस होईल का?" बाबा म्हणतात. "नाही हो, बाबा." "मग राहू दे आजच्या दिवस." रोज तेच चाललंय.

मित्रांनो, तुमच्याही घरात गेलेल्या माणसाचं काहीतरी असेल. ते झाकून ठेवू नका. पुसा, उघडा, चालवा. बिघडण्याच्या भीतीनं त्याच्यापासून हात लांब ठेवू नका. मी न हलवता, न उघडता, मायेनं जपलेला असतानाच बंद पडलो. आणि घरातलं दुसरं कुणी "मला एकदा हात लावू द्या" म्हणालं, तर लावू द्या. बायको बाबांची गेली होती हे सगळ्यांनी पाहिलं. आई मुलीची गेली होती, हे बाबांना फार उशिरा दिसलं.