बिनवायरीची दोन वर्षं

शनिवारी सकाळी साडेअकराला मर्व्हच्या वाद्यांच्या दुकानात शिरताना रेलीनच्या हातात गिटार होती, पर्समध्ये दोनशे डॉलर होते आणि मागे नवरा होता. गिटार आणि पैसे तिने आणले होते. नवरा आपण होऊन आला होता.

"तुला काय कळतंय त्यातलं," असं म्हणत गॅव्हिन गाडीत येऊन बसला होता. व्हायअ‍ॅला शहरातल्या पबांमधून वीस वर्षं गिटार वाजवलेला माणूस. अ‍ॅम्पचं, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या खोक्याचं, नाव काढलं की त्याची छाती फुगायची. येऊ दे मेल्याला, रेलीन मनात म्हणाली. भांडायला वेळ कुणाला होता? दुकान बारा वाजता बंद होणार होतं आणि तीन वाजता टूलाच्या गॅरेजमध्ये तिची परीक्षा होती.

परीक्षाच म्हणायची. शाळेच्या कँटीनमध्ये रेलीनच्या शेजारी उभं राहून सँडविचेस करणाऱ्या टूलाचा चार बायकांचा बँड होता आणि त्यांची गिटारवाली अ‍ॅडलेडला निघून गेली होती. "येतेस का वाजवून दाखवायला?" टूलाने विचारलं होतं. "अट एकच. अ‍ॅम्प आपापला आणायचा." सत्तेचाळीस वर्षांत रेलीनला असं कुणी कशाला बोलावलं नव्हतं. त्या रात्री तिला झोप लागली नाही.

पण अ‍ॅम्पच नव्हता ना! इलेक्ट्रिक गिटार वायर न जोडता वाजवली तर कानाशी डास गुणगुणावा एवढा आवाज येतो. रेलीन दोन वर्षं तशीच वाजवत होती, हनुवटी लाकडावर टेकवून, ऐकू यावं म्हणून. गॅव्हिनचा मोठा अ‍ॅम्प मागच्या खोलीत चादरीखाली असायचा, पण त्याला हात लावायची तिला बंदी होती. "आणि तुला हवाय कशाला? नुसत्या लाकडावर वाजव. त्यानेच बोटं तयार होतात. मीही तसाच शिकलो," असं त्याने सांगितलं होतं. तिने विश्वास ठेवला. नवऱ्यावर नाही ठेवायचा तर कुणावर ठेवायचा?

"काय गॅव, काय दाखवू?" मर्व्हने काउंटरमागून विचारलं.

"मला हवाय," रेलीन म्हणाली.

"बायकोला खेळायला काहीतरी दे रे," गॅव्हिन म्हणाला. "छोटंसं. हेडफोन लागतील असं. शेजारीपाजारी जगले पाहिजेत."

दोघे हसले. मर्व्हने डब्याएवढा बॅटरीवरचा अ‍ॅम्प काउंटरवर ठेवला, तोही गॅव्हिनच्या समोर. रेलीन तिथे उभी आहे हे त्यांच्या खिजगणतीतही नव्हतं.

तिने पर्समधून कागद काढला. महिनाभर वाचून, लोकांना विचारून तिने लिहून काढलं होतं. "मला वीस वॉटचा दाखवा. स्पीकर आठ इंची तरी हवा. ड्रमबरोबर वाजवायचंय, याचा आवाज त्यात कुठल्या कुठे जाईल."

गॅव्हिनने कागद तिच्या हातातून ओढलाच. "आठ इंची! वीस वॉट!" तो मोठ्याने वाचायला लागला. "मर्व्ह, ऐकतोयस ना? बाईसाहेब स्टेडियम गाजवणार आहेत."

"दे इकडे तो."

"अगं, गंमत केली तर लगेच फणा काढायचा!" त्याने कागद परत दिला आणि भिंतीवरची महागडी लाल गिटार काढून त्या डब्याला जोडली. अशी वाजवली की डबासुद्धा गायला लागला. बोटं होती त्याच्याकडे, हे कुणी नाकारत नव्हतं. "बघ. अ‍ॅम्पमध्ये काही नसतं. हातात असावं लागतं."

"ती दोन हजारांची गिटार आहे. मी घरी ती वाजवणार आहे का?" रेलीनने कोपऱ्यातल्या जुन्या काळ्या अ‍ॅम्पकडे बोट दाखवलं. पुढचं कापड फाटलं होतं, वर तीनच बटणं होती. "तो जोडा. माझ्या गिटारीला."

"तो सेकंडहँड आहे, पोरी," मर्व्ह म्हणाला. "आठ इंची आहे, दणकट आहे, एकशे चाळीसला देईन. पण त्यात झाकाझाक करणारं काही नाही. हात जसा असेल तसा ऐकू येतो."

"मग तोच जोडा."

वायर लागली. रेलीनने श्वास घेतला आणि दोन वर्षं रोज वाजवलेलं गाणं सुरू केलं.

देवा! भांड्यांचं कपाट कोसळावं तसा आवाज झाला. एक तार छेडली की बाकीच्या पाचही तारा घूं घूं करत सुटायच्या. ती थांबली, पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. मर्व्हने कानावर हात ठेवले. गॅव्हिन इतका हसला की त्याला ठसका लागला. रेलीनचे कान तापले. हे आपण वाजवतोय? घरी तर हे गाणं किती गोड लागायचं!

"वायर न लावताच शिकलीस ना?" मर्व्ह म्हणाला. आता तो हसत नव्हता, वैतागला होता. "ऐकू येत नाही म्हणून माणूस तारा ठोकायला लागतो. नको त्या तारा गप्प कशा ठेवायच्या, ते शिकतच नाही. हात बिघडतो. अगं, ही पहिल्या दिवशी सांगायची गोष्ट आहे. गॅवला विचार की! माझ्याकडे क्लास घ्यायचा तेव्हा पोरांवर हेच ओरडायचा. वायर लावल्याशिवाय गिटार हातात घ्यायची नाही, म्हणून."

गॅव्हिनचं हसू थांबलं. त्याने लाल गिटार भिंतीवर टांगली आणि उगाच ती सरळ करत राहिला.

रेलीनने त्याच्याकडे पाहिलं. मग पर्स उघडली, पैसे मोजून काउंटरवर ठेवले. "हा बांधून द्या."

"विचार कर, तो छोटा..." मर्व्ह म्हणू लागला.

"बांधून द्या म्हटलं ना!"

गाडीत तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"वेड पांघरू नकोस, गॅव्हिन. पोरांना एक सांगायचास आणि मला दुसरं."

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "घरात एक गिटारवाला पुरे आहे, गं. तू आपली कंटाळून सोडशील असं वाटलं. दोन वर्षं कोण चिकटून बसतं?"

माफी नाही, लाज नाही. उलट तिनेच काहीतरी चुकीचं केल्यासारखा सूर! पुढे पेट्रोल पंप दिसला. रेलीनने गाडी आत घेतली, थांबवली आणि त्याच्या अंगावरून हात घालून त्याच्या बाजूचं दार उघडलं.

"उतर."

"बाहेर चाळीस डिग्री आहे!"

"टोपी घाल."

"आणि तू काय, त्या बायकांपुढे जाऊन हसं करून घेणार? आत्ता ऐकलंस ना स्वतःला?"

"ऐकलं. पहिल्यांदाच ऐकलं. उतर म्हणतेय ना!"

तो शिव्या देत उतरला. तिने आरशातूनही मागे पाहिलं नाही.

टूलाच्या गॅरेजमध्ये पंखा लावूनही घामाच्या धारा लागल्या होत्या. ड्रमवर डल्सी होती, हॉस्पिटलातली नर्स, बोलायला फटकळ. रेलीनने अ‍ॅम्प जोडला आणि वाजवलं. तेच झालं, किंवा जरा वाईटच. डल्सीने काठ्या मांडीवर ठेवल्या.

"हे काय आहे?" ती म्हणाली.

रेलीन वायर काढायला वाकली. संपलं, आता घरी जायचं आणि त्याचं तोंड बघायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

"थांब गं," टूला आपली बास गिटार खाली ठेवून जवळ आली. तिने रेलीनचं मनगट धरलं आणि तळव्याची कड तारांवर टेकवली. "हात इथे टेकव. आणि एवढ्या जोरात नको मारू. अर्ध्या जोराने मार. अजून हळू. हां, आता वाजव."

रेलीनने वाजवलं. मध्येमध्ये अडखळलं, दोन ठिकाणी चुकलं. पण गाणं होतं. बायकांना ते ओळखता आलं. तिसऱ्या ओळीला डल्सीने हळूच ठेका धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही.

"पुढच्या शनिवारी तीनलाच," डल्सी म्हणाली. "उशीर केलास तर मी थांबत नाही. आणि घरी रोज वायर लावून वाजव, समजलं?"

रेलीनने मान डोलावली. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आला तो संताप. दोन वर्षं! आणि सांगायला अर्धं मिनिट लागलं होतं.

"पण एवढी साधी गोष्ट," टूला वायर गुंडाळत म्हणाली, "तुला कधी कुणी सांगितली कशी नाही? कुणी माहितगार नव्हता का आसपास?"

"होता की," रेलीन म्हणाली. "शेजारीच झोपायचा."