पाचवा दावा

शिरोलीच्या एमआयडीसीत कुतुबुद्दीन मिस्त्रीने जे इंजिन उभं केलं होतं, त्याला धुराची नळीच नव्हती. येणारा-जाणारा आधी तेच विचारायचा. इंजिन म्हटलं की धूर आलाच, आणि धूर आला की त्याला बाहेर जायला वाट नको का? मिस्त्री मग खूश होऊन सांगायचा, की ह्याच्यातलं काही बाहेर जातच नाही, आतल्या आत फिरतं.

आणि ते खरं होतं. इंजिन साधंच, मळ्यात पाणी उपसायला लावतात तसलं, भंगारातून आणलेलं. पण मिस्त्रीने त्याला डिझेलऐवजी हायड्रोजनवर चालवलं होतं. वनस्पती तुपाच्या कारखान्यात लागतो तो हायड्रोजन सिलिंडरमधून यायचा आणि वेल्डिंगच्या सिलिंडरमधून ऑक्सिजन. दोन्ही आत जळले की त्यांची वाफ होते. ती वाफ एका गार पेटीत जायची, तिथे तिचं पाणी व्हायचं, आणि सोबत कोंडलेली हवा पुन्हा फिरून इंजिनात यायची. पेटीच्या तळाशी चावी होती, तिच्यातून पाणी ठिबकायचं. पहिल्यांदा इंजिन चालवलं त्या दिवशी शेजारच्या फाउंड्रीचा मालक ईरप्पा आपली सगळी माणसं घेऊन रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिला होता, न जाणो उडालं तर! काहीच उडालं नाही तेव्हा तो हळूच आत आला, चावीखाली बोट धरलं आणि जिभेवर लावून पाहिलं. ‘पाणीच हाय की,’ एवढंच तो बोलला. एरवी अख्ख्या एमआयडीसीला ऐकू जाईल असं बोलणारा ईरप्पा, त्या दिवशी मात्र चावीसमोर उकिडवा बसून थेंब मोजत राहिला.

ही झाली एकोणऐंशी सालची गोष्ट. तंत्रनिकेतनात शिकवणारे सोमलिंग सर संध्याकाळी कारखान्यात येऊन बसत, त्यांनीच पेटंटचं डोक्यात घातलं. इंग्रजीत अर्ज लिहिला, मिस्त्रीच्या पेटीचे आराखडे काढले आणि पाच दावे मांडले. दावा म्हणजे एवढी गोष्ट माझी, ती माझ्याआधी कुणी केलेली नाही, असं सरकारला लिहून देणं. मिस्त्रीने चौथीपर्यंत शिकलेल्या अक्षरात सही ठोकली आणि कागद मुंबईच्या पेटंट कचेरीत गेले.

मिस्त्रीला त्यातून काय हवं होतं, ते सांगितलंच पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बावीस वर्षं त्याने इंजिनं खोलली आणि जोडली. प्रत्येक इंजिनाच्या अंगावर कुणा ना कुणा कंपनीचं नाव ओतलेलं असायचं. त्यावरचं ग्रीस पुसताना त्याचा हात दरवेळी त्या अक्षरांवरून फिरायचा. आपल्या डोक्यातून निघालेली एक तरी वस्तू असावी आणि तिच्यावर आपलं नाव असावं, एवढीच त्याची भूक होती. ईरप्पाने तर पेटंट आलं की पेटीवर ‘कुतुबुद्दीन’ अशी ठसठशीत अक्षरं ओतून द्यायचं कबूलही केलं होतं.

सोळा महिन्यांनी कचेरीचं पत्र आलं. सर ते घेऊन भर दुपारी कारखान्यात आले आणि स्टुलावर बसून एकेक ओळ मराठीत सांगू लागले. तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याने पहिली शंका काढली होती ती अशी, की पेटी इंजिनाच्या वर बसवली आहे की खाली, हे अर्जात कुठेच नाही; वर असेल तर इंजिन थांबल्यावर पाणी उलटं फिरून आत उतरेल आणि पुन्हा चालू करताना नुकसान होईल.

मिस्त्रीच्या हातातला पाना तसाच राहिला. इंजिन सुरू केल्यावर दुसऱ्याच महिन्यात नेमकं हेच झालं होतं. पाणी आत उतरलं, दट्ट्याला जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकला, आणि त्याने लाजेपोटी ते कुणालाही सांगितलं नव्हतं, अगदी सरांनासुद्धा. गुपचूप पेटी खाली घेऊन तो मोकळा झाला होता.

“ह्यो सायेब कधी हितं येऊन गेलता काय?” त्याने विचारलं.

सर म्हणाले, नाही, त्याने फक्त कागद वाचला. मिस्त्री चाटच पडला. मुंबईत टेबलाशी बसून, लोखंडाला हात न लावता, कुणीतरी त्याच्या इंजिनाच्या पोटात शिरून आलं होतं! अशा माणसापुढे आपलं इंजिन तपासणीला गेलं, ह्याचाच त्याला अभिमान वाटायला लागला.

पण पुढच्या ओळी सरांनी दोनदा मनातल्या मनात वाचल्या आणि मग सांगितल्या. पहिले चार दावे नामंजूर होणार होते. बंदिस्त फिरणारी हवा, गार पेटी, तळाची चावी, ऑक्सिजनचं माप, हे सगळं एकोणीसशे पस्तीस साली परदेशात कुणीतरी करून ठेवलं होतं. त्या जुन्या पेटंटची प्रत सरांनी मुंबईच्या एका विद्यार्थ्याकडून मागवून आणली होती, पत्र आल्यावर पंधरा दिवस ते त्यासाठीच थांबले होते.

“म्या कुणाचं चोरल्यालं न्हाई, सर.”

“चोरलं असं कुणी म्हणतच नाही, मिस्त्री. कायदा एवढंच विचारतो, पहिला कोण.”

सरांनी प्रत वर्कबेंचवर पसरली. मिस्त्रीला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, पण आराखडा वाचायला त्याला अक्षर लागत नव्हतं. तो वाकून बघायला लागला तो बराच वेळ वर आलाच नाही. पेटी इंजिनाच्या खाली होती. तळ एका बाजूला उतरता होता आणि चावी त्या उताराच्या टोकाला. हे असं चित्र कुणी बसल्याजागी काढत नाही. ह्याचंही पाणी आत उतरलं असणार, ह्याचाही रॉड वाकला असणार, आणि ह्यानेही एक दिवस चिडून पेटी खाली घेतली असणार. मिस्त्रीचा जन्मही झाला नव्हता तेव्हा, कुठल्या तरी लांबच्या मुलखात, एक माणूस असाच ह्या पेटीशी झगडत बसला होता. मिस्त्रीला राग यायला हवा होता. राग आला नाही. दोन माणसांच्या डोक्यात एकच वस्तू, आणि मध्ये केवढी दुनिया!

“पयला त्योच,” तो म्हणाला. “जिता हाय का वो?”

सरांना ठाऊक नव्हतं. त्यांनी घाईने पत्राचा शेवट सांगितला, कारण चांगली बातमी तिथे होती. पाचवा दावा अधिकाऱ्याला कुठेच सापडला नव्हता. जगभरातल्या कागदांत नाही. बाकीचे चार सोडून फक्त तेवढाच ठेवला, तर त्याची हरकत नव्हती.

पाचवा दावा चुन्याचा होता. सुरुवातीला इंजिन अर्धा तास झकास चालायचं आणि मग गुदमरून बंद पडायचं. सरांनी विचार करून सांगितलं होतं, की वंगणाचं तेल थोडं थोडं जळतं, त्याचा कार्बन डायऑक्साइड वायू होतो, आणि हवा बाहेर जातच नसल्याने तो आत साठत जातो. तो गाळायला त्यांनी जी रसायनं सांगितली, ती कोल्हापुरात मिळत नव्हती. तेव्हा जेवणाचा डबा घेऊन आलेली मिस्त्रीची बायको जुलेखा पान लावता लावता म्हणाली होती, की डबीचं झाकण उघडं राहिलं की तिच्यातल्या चुन्याचा दगड होतो, म्हणजे तो हवेतलं काहीतरी खातच असणार की. सर उडालेच होते, कारण तो नेमका तोच वायू खातो. मिस्त्रीने लगेच जाळीच्या तीन ताटल्या केल्या, त्यांत विरवलेला चुना पसरला, आणि इंजिन दिवस मावळेपर्यंत चाललं. मग अर्ज लिहिताना, चुन्याचं जुलेखाने सुचवलं होतं हे दोघांपैकी एकालाही आठवलं नाही. बायकोच्या पानाच्या डबीवरून चुना सुचला, तर ती काय सरकारी कागदावर लिहून ठेवायची गोष्ट असते? असंच त्यांना वाटलं असणार. खरं तर वाटलंसुद्धा नसणार.

त्या दिवशीही जुलेखा डबा घेऊन आली. दोघांचे चेहरे बघून तिने काय झालं ते विचारलं, आणि सरांनी थोडक्यात सांगितलं. तिने डबा ठेवला आणि बेंचवरच्या आराखड्यावर वाकली. तिचं बोट इंजिनावरून निघालं, पेटीत उतरलं, चावीपाशी थांबलं, आणि परतीच्या नळीवरून पुन्हा इंजिनाकडे वळलं. नळी पेटीतून निघते तिथेच ते थबकलं. मिस्त्रीच्या इंजिनात ताटल्या होत्या त्याच जागी.

“हितं चुना न्हाई व्हय ह्याच्यात?” ती म्हणाली. “मग अर्ध्या घंट्यात कोंडलं असंल की बिचाऱ्याचं.”

मिस्त्रीला तिची ती उघडी राहिलेली पानाची डबी आठवली. एकवीस वर्षं ही बाई रोज डबा घेऊन ह्या कारखान्यात येत होती, आणि आपल्या डोळ्यांसमोर ती इंजिन वाचायला शिकली होती. मुंबईच्या साहेबाला जगभरचे कागद चाळून जे कळलं, ते तिने नुसतं बोट फिरवून सांगितलं होतं.

“सर,” तो म्हणाला, “पाचव्याला पयला कोन?”

सरांनी पत्राची घडी घातली. मग म्हणाले, की तसं बघितलं तर ताटल्या मिस्त्रीने केल्या, आणि मुंबईत हे कुणी विचारणार नाही. संशोधकाचं नाव बदलायचं म्हणजे नवं प्रतिज्ञापत्र, पुन्हा पत्रं, आणखी एखादं वर्ष. अर्जदार म्हणून मिस्त्री राहील, पण पहिला संशोधक ह्या रकान्यात त्याचं नाव राहणार नाही.

जुलेखाला आत्ता कुठे उमगलं की बोलणं आपल्याबद्दल चाललंय. ती चक्क घाबरली. “माजं नाव कशाला वो? रेशनकार्डावर बी तुमच्या नावाखाली हाय.”

“त्या परक्या माणसाला म्या पयला म्हनलं,” मिस्त्री म्हणाला, “त्येचं तोंड बी न बघता. आन तू तर माज्या घरातली हायस.”

सरांनी पिशवीतून कोरा कागद काढला, पेन उघडलं आणि जुलेखाला तिचं पूर्ण नाव विचारलं. तिने आधी नवऱ्याकडे बघितलं. त्याने मान हलवली. मग तिने सांगितलं, आणि सर इंग्रजीत एकेक अक्षर लिहू लागले. मिस्त्रीला वाईट वाटत होतं, खोटं कशाला सांगा. बावीस वर्षांची भूक होती ती. पण लिहून होताच त्याने सरांना ते नाव मोठ्याने वाचायला लावलं, आणि एकदा ऐकून त्याचं भागेना, म्हणून पुन्हा एकदा वाचायला लावलं.